फोटोचा कापलेला भाग

तालुक्याच्या ऑफिसात साहेबांनी वर्तमानपत्र माझ्यापुढे सरकवलं आणि फोटोवर बोट ठेवून विचारलं, "ही कोण?"

मी होते. उजवा हात वर, तोंड उघडं, पदर खांद्यावरून घसरलेला. मागे धुळीचा लोट आणि डाव्या कडेला ट्रकचं नाक. माझ्यामागे दोन-तीन बायांची डोकी दिसत होती, पण चेहरा कोणाचाच ओळखू येत नव्हता. ओळखू येत होते ती मी एकटी. खाली दोन ओळी होत्या. गावातल्या शाळेच्या शिक्षिकेने बायांना सोबत घेऊन मॅंगनीजचे ट्रक अडवले, अशा अर्थाच्या.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी मागवलं. मग म्हणाले की सरकारी नोकरीतल्या माणसाने रस्त्यावर बसून घोषणा देणं नियमात बसत नाही, त्यातून तुमची नोकरी अजून कायम झालेली नाही. पुढच्या आठवड्यात चौकशीला या आणि काय सांगायचं ते सांगा. मी म्हटलं, मी घोषणा देत नव्हते. ते फोटोकडे बघत राहिले.

परतीच्या एस.टी.त मी घरखर्चाचा हिशोब करत होते. वडील आदल्याच वर्षी गेले होते. आई आणि शिकणारा भाऊ माझ्याच पगारावर होते. त्या काळात मी तशीही घाबरट होते. शाळेला कुलूप लावलं की अर्ध्या वाटेवरून परत जाऊन ओढून बघायची. त्या दिवशी बसमध्ये शेजारची बाई माझ्याकडे नुसती बघत होती, तरी मला वाटलं, हिनेही पेपर वाचलाय.

आता त्या दिवशी काय झालं ते सांगते.

चिखल्याच्या खाणीतून माल घेऊन रेल्वेच्या धक्क्याकडे जाणारे खाजगी ट्रक आमच्या गावातून जायचे. एका कंत्राटदाराचे होते. आणीबाणी उठून थोडाच काळ झाला होता. लोक पुन्हा मोकळं बोलायला लागले होते आणि ट्रकही वाढले होते. त्यांच्यावर ताडपत्री नसायची. काळी भुकटी रस्त्याकडेच्या धानाच्या बांध्यांवर, कापून रचलेल्या पिकावर, तलावाच्या पाण्यावर बसायची. शाळेला आवार नव्हतं. दार उघडलं की रस्ता. मुलं पाटीवर बोटं फिरवून काळी झालेली बोटं एकमेकांना दाखवत.

आधी एक वासरू ट्रकखाली गेलं. मग सायकलवरून जाणाऱ्या एका म्हाताऱ्याला धक्का लागला आणि त्याचा पाय कायमचा अधू झाला. गावातल्या पुरुषांनी दोनदा अर्ज केले. त्यानंतर बायांनी ठरवलं. ठरवणारी मुख्य होती माझी घरमालकीण. मी तिला काकू म्हणायची. तलावाखाली त्यांची धानाची शेती होती. काकू उंच, हाडकुळी, कमी बोलणारी. आदल्या दिवशी ती माझ्या खोलीच्या दारात आली आणि म्हणाली, "बाई, उद्या आमी रस्त्यावर बसून राहिलो. तुमी पोराइले आत ठेवजा. बाहीर येऊ देऊ नोका."

तेवढंच माझं काम होतं. मी दार लावून मुलांना पाढे म्हणायला लावले. बाहेर बाया बसल्या. पहिला ट्रक आला आणि थांबला, कारण काकू त्याच्या समोर जाऊन उभी राहिली होती. ती हलली नाही. मागून दुसरा ट्रक आला. त्याच्या ड्रायव्हरने गाडी रस्त्याच्या खाली उतरवून बाजूने काढायला घेतली. ती बाजू म्हणजे शाळेची बाजू.

त्याच वेळी दुसरीतली एक मुलगी मागच्या खिडकीतून उडी मारून, शाळेला वळसा घालून रस्त्याकडे धावली. तिची आई बसलेल्या बायांत होती. पोरीला ती दिसली, बस्स. मी दार उघडून धावले. डाव्या हाताने पोरीचा फ्रॉक मागून धरला, उजवा हात ट्रककडे उगारला आणि ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. बहुधा नुसतंच ओरडले. ट्रक थांबला. मग गोंधळ झाला, कुठूनतरी दगड आला आणि त्या ट्रकची काच फुटली. कोणी मारला ते तेव्हाही कळलं नाही, अजूनही माहीत नाही.

गावात त्या दिवशी एका घरी बारसं होतं. तुमसरच्या एका स्टुडिओचे फोटोवाले त्यासाठी आले होते. गलका ऐकून ते कॅमेरा घेऊन बाहेर आले आणि उभ्या असलेल्या एका खाचरावर, म्हणजे बैलगाडीवर, चढले. गाडीच्या उंचीवरून त्यांनी जे टिपलं ते नागपूरच्या पेपरात छापून आलं.

पण पेपरातल्या फोटोत मी कमरेपासून वर होते. माझा डावा हात नव्हता, पोरगी नव्हती. खालचा सगळा भाग कापला होता.

हे लक्षात आलं तेव्हा मला पहिल्यांदा बरं वाटलं. पूर्ण फोटो मिळाला की सगळं मिटेल. साहेबांना दाखवायचं, ही बघा पोरगी, हा बघा माझा हात. पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी तुमसरला गेले. स्टुडिओ बाजाराच्या गल्लीत होता. बाहेरच्या काचेत नवरानवरींचे आणि नागड्या बाळांचे फोटो लावले होते. फोटोवाले पन्नाशीचे, चष्मा कपाळावर चढवलेला. मी कोण ते सांगायची गरज पडली नाही. त्यांनी उठून पुढचं दार लोटून घेतलं.

त्यांनी सांगितलं की आदल्याच दिवशी कंत्राटदाराची माणसं येऊन गेली. काच फुटल्याची तक्रार ठाण्यात दिली आहे, बाया कोण कोण होत्या ते हवं आहे, म्हणून सगळे फोटो मागत होती. त्यांनी निगेटिव्ह पेपरवाल्यांकडेच राहिल्याचं सांगितलं. "खोटं सांगितलं मी," ते म्हणाले. "आता घरी बायको म्हणून राहिली, कायले त्या गाडीवर चढले."

मग ते आत गेले आणि डार्करूममधून एक मोठी कॉपी घेऊन आले. नुकतीच केलेली, कडा अजून वळलेल्या. मी ती टेबलावर धरून ठेवली.

पोरगी होती. मान खाली गेलेली, केस तोंडावर आलेले, फ्रॉक माझ्या मुठीत. जे दाखवायला हवं होतं ते सगळं स्पष्ट होतं. पण त्या खालच्या भागात बायाही होत्या. रस्त्यावर बसलेल्या, आणि माझ्या ओरडण्याने वळून बघणाऱ्या. प्रत्येकीचा चेहरा साफ. उजव्या कोपऱ्यात पोरीची आई, अर्धवट उठलेली, हात पुढे केलेला. तिच्या शेजारी दोघी सख्ख्या जावा. त्यांच्यामागे आणखी बाया. गावातल्या कुणालाही नावनिशी सांगता आलं असतं, ट्रकच्या ड्रायव्हरलाही बोट ठेवून दाखवता आलं असतं.

फोटोवाल्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना हे आधीच कळलं होतं. ते म्हणाले, "पेपरवाल्यांनी जागा नव्हती म्हणून कापला. पण बाई, कापला म्हणून त्या वाचल्या." कॉपी घेऊन जा म्हणाले, पैसे घेतले नाहीत. दुसरी काढणार नाही, असं त्यांनी स्वतःहून सांगितलं.

मी ती कॉपी साडीच्या घडीत घालून ट्रंकेत ठेवली. चौकशीपर्यंतचे ते दिवस मला नीट जेवण गेलं नाही. शाळेत मुलांची हजेरी घेताना मध्येच विसरायची, कोणाचं नाव घेतलं. ट्रकचा आवाज आला की वाटायचं, हा थांबेल, कोणीतरी उतरेल. ट्रंकेचं कुलूप दिवसातून कितीदा ओढून बघितलं असेल. कधी वाटायचं, माझा काय दोष, मी तर यांच्यात नव्हतेच, मी का नोकरी घालवू? मग पाण्याला जाताना त्या दोघी जावा समोरून यायच्या, "बाई, जेवल्या का?" विचारायच्या, आणि मला त्यांच्याकडे बघवायचं नाही.

शेवटी मी काकूला सांगितलं. ती चुलीपुढे होती. हात लुगड्याला पुसून तिने फोटो उजेडात नेला आणि बराच वेळ पाहत राहिली. मला वाटलं, ती माझी अडचण समजून घेतेय.

"मी काहून नाइ याच्यात?" तिने विचारलं.

मी सांगितलं, तुम्ही पहिल्या ट्रकपुढे होता, तो आणखी डावीकडे, कॅमेऱ्यात आलाच नाही. ती हं म्हणाली. तिला ते फारसं पटलं नसावं. मग तिने फोटो मला परत दिला आणि म्हणाली, हा त्या ऑफिसात नेऊ नको. तिने हुकूम केला नाही, विनवणीही केली नाही. नेऊ नको म्हणाली आणि भाकर उलटायला गेली. मी म्हटलं, मग मी काय दाखवू? माझ्या आईला काय सांगू? माझा आवाज चढला होता. काकूने भाकर चुलीवरून उतरवली. ती बाहेर निघून गेली आणि मी तिच्या चुलीपुढे बसून रडले.

चौकशीच्या दिवशी मी बस थांब्यावर आले तेव्हा पोरीची आई तिथे उभी होती. पोरीला आंघोळ घालून, तेल लावून, वेण्या घालून आणलं होतं. काकू तिच्याकडे गेली होती, हे मला तेव्हा कळलं. मी तिला म्हटलं, तुम्ही आलात तर तुम्ही रस्त्यावर होता हे लिहून घेतील. ठाण्यात तक्रार आहे.

"लिहू दे," ती म्हणाली. "माही पोरगी आहे. मी नाइ सांगणार तं कोण सांगन?"

 बसमध्ये ती माझा हात धरून बसली. आम्ही दोघी इतक्या घाबरलो होतो की पोरगीच आम्हाला खिडकीतून दिसेल ते दाखवत होती.

ऑफिसात तिने सांगितलं ते असं, की मी रस्त्यावर बसली होती, पोरगी धावत आली, बाईनं तिले धरलं, नाइ तं ती गेली असती. बाकी कोण कोण होतं ते विचारलं तर म्हणाली, धूळ होती, दिसलं नाइ. साहेबांनी पोरीला विचारलं, बाईंनी काय केलं? पोरगी म्हणाली, "माहा फराक फाडला." साहेब हसले. माझी ट्रंकेतली कॉपी ट्रंकेतच राहिली.

मला ताकीद मिळाली आणि बदली. बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, पवनीकडे, कोंढ्याला. नोकरी राहिली. काचेच्या तक्रारीत पोरीच्या आईला ठाण्यात दोनदा बसवून ठेवलं, पण कोणी ओळखणारं पुढे आलं नाही आणि प्रकरण तसंच विझलं. ट्रकवर काही महिने ताडपत्री आली. शाळेपुढे गाड्या हळू जायला लागल्या. नंतर पुन्हा पहिल्यासारखं झालं असं काकूने एका माणसाबरोबर निरोपात कळवलं, पण शाळेला आवाराची भिंत मात्र बांधून मिळाली.

कोंढ्यात मी रुळले. माझी नोकरी कायम झाली, भाऊ कामाला लागला. फोटोची गोष्ट मी कोणाला सांगत नव्हते. ट्रंक बदलली तरी ती कॉपी त्याच साडीत होती.

मग काही वर्षांनी, ऐंशीचं दशक सरत आलं होतं तेव्हा, भंडाऱ्याच्या एका कॉलेजातले तरुण प्राध्यापक माझा पत्ता काढत आले. जिल्ह्यातल्या साध्या माणसांच्या लढ्यांचे जुने फोटो जमवून ते प्रदर्शन भरवणार होते. धान खरेदीचे मोर्चे, तलावाच्या पाण्यासाठीची धरणी, विडी कामगारांचा संप. पुस्तकांत हे काही लिहिलेलं नाही, म्हणून फोटोंतून लोकांचा इतिहास लोकांपुढे मांडायचा, असं ते उत्साहाने सांगत होते. त्यांनी पिशवीतून पेपरातल्या त्याच फोटोची मोठी केलेली प्रत काढली. माझा वर गेलेला हात, उघडं तोंड. खाली लिहायचं त्यांनी ठरवून ठेवलं होतं, की गावाच्या लढ्याचं नेतृत्व करणारी शिक्षिका.

मला पुन्हा तीच भीती वाटली. मी उठून दार लोटून घेतलं. इतक्या वर्षांनी कोण काय करणार होतं? पण भीतीला ते कळत नव्हतं. मी त्यांना सांगितलं, हे खरं नाही. मी तिथे पोरीला धरायला गेले होते. त्यांना वाटलं मी विनय दाखवतेय. मग मी ट्रंक उघडली.

त्यांनी पेपरातली प्रत कॉपीशेजारी ठेवून पाहिली. नंतर म्हणाले, बाई, हाच लावायचा. पूर्ण. मी म्हटलं, आधी त्या बायांना विचारायला हवं. तेव्हा लपवलं ते त्यांच्यासाठी, आता दाखवायचं तर तेही त्यांना विचारूनच.

आम्ही दोघं गावात गेलो. काकूच्या ओसरीवर बाया जमल्या. फोटो हातोहात फिरला. एक बाई मधल्या काळात वारली होती, तिची सून फोटो घेऊन कोपऱ्यात बसली. त्या दोघी जावा स्वतःला बघून एवढ्या हसल्या की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, लावा, लावा, आमी पाहाले येऊ. काकूने काही विचारलं नाही, पण प्राध्यापकांना हाताला धरून रस्त्यावर नेलं आणि पहिला ट्रक कुठे होता, ती कुठे उभी होती, ते पायाने रेघ ओढून दाखवलं. ते लिहून घेत राहिले.

पोरीची आई शेवटी आली. ती दारातच उभी राहिली. फोटो हातात घेतला, स्वतःकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं, आणि मला बाजूला बोलावलं.

"बाई, मले नोका दाखवू," ती म्हणाली. "पोरीचं लगन जुळून राहिलं आहे. पोराचे दोनी भाऊ त्याच गाड्याइवर आहेत. त्याइनं पाह्यलं तं काय म्हणतीन?"

मी म्हटलं, पोरीचा चेहरा दिसतच नाही. ती म्हणाली, माहा तं दिसते. आणि मग, अगदी हळू, "त्या वेळी मी गेली होती ना तुमच्यासाठी."

तिने ती आठवण एकदाच करून दिली, आणि तीही मान खाली घालून. मी हो म्हटलं. 

येताना बसमध्ये प्राध्यापकांशी माझा वाद झाला. ते म्हणाले, असा एकेक चेहरा काढत गेलो तर उरणार काय? पेपरवाल्यांनी कापला तो एक, आता आपण कापायचा? त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण त्यांना दोन दिवसांनी दुसऱ्या गावात दुसरा फोटो मिळणार होता. तिला त्याच गावात राहायचं होतं. मी सांगितलं की तिच्यासकट लावणार असाल तर मी कॉपी देत नाही, आणि माझा एकटीचा लावला तर मी प्रदर्शनात येऊन सगळ्यांना सांगेन की हा खोटा आहे. मी असं कोणाशी कधी बोलले नव्हते. घरी पोचेपर्यंत माझं डोकं दुखत होतं.

शेवटी माझ्या कॉपीचा उजवा कोपरा वगळून तिचा नवा फोटो काढून घेतला आणि तो लावला. पोरगी राहिली, माझा डावा हात राहिला, मागच्या बाया राहिल्या. पोरीची आई गेली, आणि तिच्या अगदी लगत बसल्यामुळे त्या दोघी जावाही गेल्या. हे आमच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता.

प्रदर्शन भंडाऱ्यात एका शाळेच्या सभागृहात होतं. काकू आणि बाया सकाळच्या बसने आल्या. दोघी जावा नवी लुगडी नेसून आल्या होत्या. त्यांनी फोटो खालून वर, डावीकडून उजवीकडे पाहिला. मग थोरली माझ्याकडे वळली.

"आमी कोठी गेलो?"

मी कारण सांगू शकत नव्हते. कारण सांगितलं असतं तर पोरीच्या आईचं नाव घ्यावं लागलं असतं. मी म्हटलं, कॉपी करताना कड गेली. धाकटी फोटोच्या उजव्या कडेवर बोट फिरवत राहिली. थोरली म्हणाली, "आमीच काहून कडीले?" आणि पुढच्या फोटोकडे गेली. तिथे दुसऱ्या गावच्या अनोळखी बायांचा मोर्चा होता. ती तो बारकाईने पाहत राहिली.

काकूला मात्र कोणीतरी विचारलं, आणि ती त्या फोटोजवळ उभी राहून दिवसभर सांगत होती. फोटोखाली प्राध्यापकांनी तिचं सांगणं लिहिलं होतं, पण ती वाचू शकत नव्हती. तिने स्वतःच सांगितलं. ट्रक इथं, मी इथं, म्हणत ती फोटोच्या डावीकडच्या रिकाम्या भिंतीवर हात ठेवायची. कॉलेजातली मुलं ऐकत उभी राहायची. मी दाराजवळ उभी राहून येणाऱ्या प्रत्येक पुरुषाकडे बघत होते, कोणी ट्रकवाल्यांचा तर नाही ना म्हणून. असं कोणी आलं नाही. आलं असलं तर मला कळलं नाही.

पोरीचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. मी जाऊन आले. तिच्या आईने मला दोनदा जास्त वाढलं.

प्राध्यापकांची त्यानंतर दोन पत्रं आली. प्रदर्शनातले फोटो त्यांना कॉलेजात कायमचे जपून ठेवायचे आहेत आणि त्यासाठी न कापलेली कॉपी हवी आहे, पुढे अभ्यास करणाऱ्यांना ती लागेल. स्टुडिओ बंद झाला आहे, निगेटिव्हचं काय झालं ते कोणाला माहीत नाही, म्हणजे ही एवढी एकच आहे. हे मलाही कळतं. ट्रंकेत तिच्या कडा पिवळ्या पडू लागल्या आहेत. मी दर उन्हाळ्यात ती काढून सावलीत ठेवते आणि पुन्हा गुंडाळते. घरात आग लागली तर, पाणी शिरलं तर, मी अचानक गेले तर, हे सगळं माझ्या मनात येऊन जातं.

मी त्यांना लिहिलं की पोरीच्या आईला विचारलं आहे. ती अजून नको म्हणते. पोरीला आता एक बाळ आहे आणि तिचा एक दीर अजून गाडीवर जातो. आई हो म्हणाली की मी कॉपी स्वतः घेऊन येईन.